आनंदीबाई जोशींबद्दलच्या विचित्र गोष्टी: किती खऱ्या, किती खोट्या?

दरवर्षी ३१ मार्चला, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशींच्या जन्मदिवशी, त्यांच्याबद्दलचा एखादा लांबलचक संदेश मोबाइलवर येतो. त्यात ‘तुम्हाला हे माहीत आहे का?’ अशा थाटात बऱ्याच गोष्टी असतात. शुक्र ग्रहावर त्यांच्या नावाचे विवर आहे. त्यांच्या अस्थी अमेरिकेतल्या एका दफनभूमीत आहेत. दातांच्या दवाखान्यात नंबरची वाट पाहत बसलेल्या एका अनोळखी बाईमुळे त्या डॉक्टर होऊ शकल्या. आणि अमेरिकेतल्या थंडीमुळे त्यांना क्षयरोग झाला.

वाचणाऱ्याला साहजिकच वाटते की पहिल्या तीन गोष्टी थापा असाव्यात आणि चौथी खरी असावी. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. पहिल्या तीन खऱ्या आहेत. चौथी चुकीची आहे, आणि तीच समजूत आजही अनेकांना वेळेवर डॉक्टरकडे जाऊ देत नाही. म्हणून या लेखात आनंदीबाईंचे आयुष्य सुरुवातीपासून पाहू आणि त्यांच्याबद्दल सांगितली जाणारी एकेक गोष्ट तपासू.

‘त्यांचे खरे नाव आनंदी नव्हते’: खरे

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी कुटुंबात झाला. माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव पोस्टात कारकून होते, विधुर होते आणि यमुनेपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. लग्नानंतर त्यांनी पत्नीचे नाव आनंदी ठेवले. माहेर आणि सासर दोन्हीकडचे आडनाव जोशीच, त्यामुळे आडनाव मात्र बदलले नाही.

‘नवऱ्याने प्रेमाने शिकवून डॉक्टर केले’: अर्धे खरे

बायकोने शिकलेच पाहिजे हा गोपाळरावांचा आग्रह खरा होता. त्या काळात तो आग्रह धरणे सोपे नव्हते. नातेवाईक नावे ठेवत, शेजारीपाजारी टोमणे मारत. तरीही ते मागे हटले नाहीत. बदलीच्या निमित्ताने अलिबाग, पुढे कोलकाता असे जिथे गेले तिथे त्यांनी पत्नीचे शिक्षण चालू ठेवले. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

पण ‘प्रेमाने’ हा शब्द पुराव्यावर टिकत नाही. अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी स्वतःच लहानपणीच्या मारहाणीची आठवण करून दिली आहे. दहा वर्षांच्या मुलीला लाकडाने मारणे, पुढे पुस्तके फेकून मारणे, सोडून जाण्याची धमकी देणे, हे सगळे त्यात आहे. हे वागणे चांगले म्हणावे की वाईट, हा प्रश्न त्यांनाही पडलेला दिसतो. कादंबरी, नाटक आणि सिनेमा यांतून आपल्यापर्यंत पोहोचलेली गोड जोडी ही पूर्ण गोष्ट नाही. मूल मारल्याने हुशार होते असा निष्कर्ष तर या गोष्टीतून मुळीच काढू नये. मारामुळे मुलांमध्ये भीती, झोपेच्या तक्रारी आणि चिडचिड वाढते. आनंदीबाई शिकल्या त्या माराला न जुमानता.

‘चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि बाळ दहा दिवसांत गेले’: खरे

या गोष्टीवर नव्या पिढीचा विश्वास बसत नाही, पण ती खरी आहे. चौदा वर्षांच्या आनंदीला मुलगा झाला आणि तो दहा दिवसच जगला. योग्य वैद्यकीय उपचार मिळाले नाहीत. त्या काळात पुरुष डॉक्टरकडून तपासून घेणे बहुतेक घरांतल्या बायकांना मान्य नसे, आणि स्त्री डॉक्टर जवळपास नव्हत्याच.

‘बाळ गेले म्हणून त्या डॉक्टर झाल्या’ असे एका वाक्यात सांगितले जाते. हे दुःख त्यामागे होतेच. पण पुढे जाहीर भाषणात त्यांनी जे कारण मांडले ते त्याहून मोठे होते. हिंदुस्थानातल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टरची गरज आहे आणि ती गरज भागवायला आपण जात आहोत, असे त्यांचे म्हणणे होते.

वैद्यकीय दृष्टीने पाहिले तर इथे दोन धोके एकत्र आले होते. पहिला आईचे वय. अठराच्या आतल्या गरोदरपणात बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे होण्याची शक्यता जास्त असते, आणि आईला रक्तक्षय व वाढलेला रक्तदाब यांचा धोकाही अधिक असतो. दुसरा धोका म्हणजे जन्मानंतरचे पहिले काही दिवस. नवजात बाळांचे बरेचसे मृत्यू आजही पहिल्या आठवड्यातच होतात.

बाळ दूध ओढत नसेल, खूप सुस्त असेल, अंग गार पडले असेल किंवा ताप असेल, श्वास मिनिटाला ६० पेक्षा जास्त असेल, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, झटके येत असतील किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, तर घरगुती उपाय करत बसू नका. बाळाला लगेच रुग्णालयात न्या. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळावर मोफत उपचार होतात.

‘दातांच्या दवाखान्यात वाचलेल्या मासिकाने नशीब बदलले’: खरे

सगळ्यांत बनावट वाटणारी गोष्ट हीच आहे, आणि ती खरी आहे.

पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मिळावी म्हणून गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. वाइल्डर यांनी ते आपल्या मासिकात छापले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. बसल्या बसल्या त्यांनी तिथले मासिक चाळले आणि हे पत्र त्यांच्या नजरेस पडले. आपल्या देशातून हजारो मैल दूर असलेल्या या मुलीची शिकण्याची इच्छा त्यांच्या मनात राहिली. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. पुढे दोघींचा पत्रव्यवहार जमला, आणि अमेरिकेत राहायला घर देण्याची तयारी कार्पेंटरबाईंनी दाखवली.

याच काळातली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे. कोलकात्यात असताना आनंदीबाईंची तब्येत बरी नसे. अशक्तपणा, सतत डोकेदुखी, अधूनमधून ताप, कधी धाप लागणे अशा तक्रारी होत्या. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधेही पाठवली, पण फरक पडला नाही. हे सगळे अमेरिकेला जाण्याआधीचे आहे.

‘शिकण्यासाठी त्यांना ख्रिस्ती व्हावे लागले’: खोटे

वाइल्डर यांनी मदतीसाठी धर्मांतराची अपेक्षा ठेवली होती. जोशी दांपत्याने ती मान्य केली नाही. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केले. आपण का जात आहोत हे त्यांनी सांगितले आणि हिंदू म्हणूनच जाणार व हिंदू म्हणूनच परत येणार हेही स्पष्ट केले. तेव्हा त्यांना अठरावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. एप्रिल १८८३ मध्ये त्या पतीशिवाय कोलकात्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. बंदरावर कार्पेंटरबाई घ्यायला आल्या होत्या.

‘एकोणिसाव्या वर्षी एम.डी. झाल्या’: आकडा चुकीचा

फिलाडेल्फियातल्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियामध्ये १८८३ साली त्यांना प्रवेश मिळाला. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. पदवी मिळाली ११ मार्च १८८६ रोजी. जन्मतारखेशी ताडून पाहिले तर एकविसाव्या वाढदिवसाला २० दिवस बाकी होते. म्हणजे पूर्ण झालेले वय वीस. प्राचीन हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

इथे आणखी एक गैरसमज होतो. आज आपल्याकडे एम.डी. म्हणजे एम.बी.बी.एस. नंतरची पदव्युत्तर पदवी. त्यामुळे आनंदीबाई स्पेशालिस्ट होत्या असे काही जण समजतात. अमेरिकेत डॉक्टर होण्याची मूळ पदवीच एम.डी. आहे, तेव्हाही आणि आताही. यात त्यांचे मोठेपण कमी होत नाही. परक्या भाषेत, परक्या हवेत आणि तब्येत साथ देत नसताना त्यांनी ही पदवी तीन वर्षांच्या आत मिळवली.

याच कॉलेजमधला १० ऑक्टोबर १८८५ चा एक फोटो प्रसिद्ध आहे. साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली. तिघीही आपापल्या देशातल्या पहिल्या महिला डॉक्टर, असे त्याखाली लिहिलेले असते. फोटो अस्सल आहे, ओळ मात्र सैल आहे. ओकामींनी १८८९ मध्ये पदवी घेतली, आणि जपानमध्ये ओगिनो गिन्को यांना वैद्यकीय परवाना १८८५ मध्येच मिळाला होता.

‘भारतातल्या पहिल्या महिला डॉक्टर’: खरे, पण एक नाव जोडून

१८८६ हेच वर्ष कादंबिनी गांगुली यांचेही आहे. त्या कोलकाता मेडिकल कॉलेजमधून त्याच वर्षी डॉक्टर झाल्या. आनंदीबाईंनी परदेशात पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेतली, कादंबिनीबाईंनी भारतातच शिक्षण पूर्ण केले आणि १९२३ मध्ये मृत्यू होईपर्यंत रुग्ण तपासले. त्यांच्यानंतर रखमाबाई लंडनहून १८९४ मध्ये डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ काम केले. पहिली कोण, या वादापेक्षा दोघी एकाच वर्षी डॉक्टर झाल्या हेच जास्त विलक्षण आहे.

आनंदीबाईंना मात्र भारतात काम करायला मिळालेच नाही. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली होती. १८८६ च्या अखेरीस त्या गोपाळरावांबरोबर परतल्या, लोकांनी मोठे स्वागत केले, पण त्या आजारी होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयरोगाने त्यांचे निधन झाले. बावीस वर्षे पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता.

‘अमेरिकेतल्या थंडीने क्षय झाला’: चूक

आता त्या सहज पटणाऱ्या गोष्टीकडे येऊ. कडाक्याची थंडी, अंगावर नऊवारी, शाकाहारी जेवणाचे हाल, म्हणून क्षय झाला, असे सांगितले जाते. ऐकायला बरोबर वाटते. पण क्षयरोग थंडीने होत नाही. तो एका जंतूमुळे होतो. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी हा जंतू सापडल्याचे जाहीर केले, म्हणजे आनंदीबाई बोटीत बसण्याच्या वर्षभर आधी. म्हणूनच २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन आहे.

फुप्फुसाचा क्षय असलेला माणूस खोकतो, शिंकतो, बोलतो तेव्हा जंतू हवेत येतात आणि बंद जागेत दुसऱ्याच्या श्वासातून आत जातात. आत गेलेले जंतू महिने किंवा वर्षे गप्प राहू शकतात. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात हे जंतू शिरलेले असतात, पण त्यांपैकी ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी क्षयरोग होतो. त्यामुळे आनंदीबाईंच्या शरीरात जंतू कोलकात्यात गेला, बोटीवर गेला की फिलाडेल्फियाच्या रुग्णालयात, हे कोणीही ठरवू शकत नाही. कोलकात्यातला ताप आणि अशक्तपणा क्षयाचाच होता असेही म्हणता येणार नाही, कारण अशा तक्रारी इतर अनेक आजारांत असतात. पण त्या तक्रारी अमेरिकेआधीच्या आहेत, एवढे तरी सगळा दोष थंडीवर टाकणाऱ्यांनी पाहायला हवे.

या समजुतीत सत्याचा एक अंश आहे, तो म्हणजे जेवणाचा. कुपोषणाने प्रतिकारशक्ती कमी होते आणि झोपलेला जंतू जागा होतो. भारतात क्षयरोग वाढवणाऱ्या कारणांत कुपोषणाचा वाटा फार मोठा आहे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रेशन्स’ अभ्यासात रुग्णांच्या घरच्यांना जादा शिधा दिला गेला. त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले. मधुमेह, तंबाखू, दारू आणि एच.आय.व्ही. हेही धोका वाढवतात.

आनंदीबाई डॉक्टर होत्या, पण त्यांच्या काळात कोणत्याही डॉक्टरकडे या जंतूवर औषध नव्हते. चांगली हवा, दूध, विश्रांती एवढेच उपाय होते. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे पहिले परिणामकारक प्रतिजैविक १९४३ मध्ये सापडले, त्यांच्या मृत्यूनंतर ५६ वर्षांनी.

‘अस्थी अमेरिकेत, नाव शुक्रावर’: दोन्ही खरे

गोपाळरावांनी आनंदीबाईंच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी येथील दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्या ठेवल्या आहेत. तिथे त्यांच्या नावाची शिळा आहे.

शुक्रावरचे ‘जोशी’ हे विवरही खरे आहे. त्याचा व्यास सुमारे ३४ किलोमीटर आहे. शुक्रावरच्या मोठ्या विवरांना कर्तबगार स्त्रियांची नावे देण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे, त्यानुसार हे नाव दिले गेले.

थंडीवर ढकललेला खोकला

गांधीबागेत कापडाच्या घाऊक दुकानांत काम करणारे लोक माझ्याकडे येतात. गाठी उचलणारे हमाल, दिवसभर गादीवर बसून थान उलगडणारे सेल्समन, हिशेब लिहिणारे दिवाणजी. डिसेंबर-जानेवारीत खोकला घेऊन येणाऱ्याला किती दिवसांपासून आहे विचारले, तर उत्तर ठरलेले असते. थंडी लागली, किंवा गोदामातली धूळ गेली. महिना उलटलेला असतो, खोकल्याच्या दोन बाटल्या संपलेल्या असतात. बहुतेकांचा खोकला साधाच निघतो. पण ज्याचा साधा नसतो, तो तेवढे दिवस घरातल्या लहान मुलांजवळ झोपलेला असतो. थंडीला दोष देण्याची किंमत ही आहे.

डॉक्टरकडे केव्हा जावे?

पुढीलपैकी काहीही असेल तर क्षयाची तपासणी करून घ्या:

- दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस खोकला
- संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्री घाम
- कारण नसताना वजन घटणे, भूक मरणे
- थुंकीतून रक्त
- मानेत न दुखणारी गाठ
- घरात किंवा कामाच्या जागी कोणाला क्षय असणे
- लहान मुलाचे वजन न वाढणे

थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे यांवरून बहुतेक वेळा निदान होते. सरकारी रुग्णालयांत तपासणी आणि औषधे दोन्ही मोफत आहेत. नागपुरात मेयो आणि मेडिकल या दोन्ही ठिकाणी ही सोय आहे. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी सरकारकडून दरमहा १००० रुपये बँक खात्यात जमा होतात. त्यासाठी रुग्णाची नोंदणी होणे आवश्यक असते.

साध्या क्षयाचा उपचार किमान सहा महिन्यांचा असतो. महिना-दीड महिन्यात खोकला थांबतो, वजन वाढू लागते आणि अनेक जण गोळ्या सोडतात. असे करू नका. अर्धवट उपचाराने उरलेले जंतू औषधांना दाद देत नाहीत आणि पुढचा उपचार जास्त कठीण होतो. गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नका. डोळे पिवळे झाले, सतत उलट्या झाल्या किंवा नजर धूसर झाली, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा. योग्य औषधे सुरू झाली की काही आठवड्यांत संसर्ग पसरण्याची शक्यता बरीच कमी होते, म्हणून रुग्णाचे ताट-वाटी वेगळे काढण्याची गरज नाही. खोकताना तोंड झाकणे, खिडक्या उघड्या ठेवणे आणि घरच्यांची तपासणी करणे महत्त्वाचे.

यापुढे ३१ मार्चला तो संदेश आला तर खुशाल पुढे पाठवा. शुक्राची गोष्ट ठेवा, दातांच्या दवाखान्याची ठेवा, कादंबिनीबाईंचे नाव जोडा. थंडीची ओळ काढून टाका आणि तिच्या जागी लिहा: दोन आठवड्यांच्या वरचा खोकला तपासून घ्या, औषध मोफत आहे.